सुईच्या मागावर नऊ दिवस

बारामती आणि इंदापूर पाहायला हौसेने कोणी जात नाही. मीही गेले नसते. मी पुण्याच्या एका इस्पितळात डोळ्यांच्या विभागात नर्स आहे. गेल्या पौषात आमच्या डॉ. गुर्जरांबरोबर नऊ दिवस त्या मुलखात हिंडून आले. परत आल्यावर मैत्रिणींनी विचारले, काय काय पाहिलेस? तेव्हा मी गुळाच्या ढेपांबद्दल आणि छोट्या आगगाडीबद्दल बोलले, बाकीचे गिळून टाकले. ते आता लिहिते आहे.

जाण्याचे कारण आधी सांगायला हवे. मोतीबिंदू पिकला की खेड्यातली माणसे शहरातल्या इस्पितळात येत नाहीत. गावोगाव फिरणारा सुईवाला येतो, बुबुळाच्या कडेतून सुई घालतो आणि पिकलेला मोती डोळ्यात आत ढकलून देतो. मोती वाटेतून दूर झाला की माणसाला तिथल्या तिथे दिसू लागते, घरात आनंदीआनंद होतो, आणि सुईवाला पुढच्या गावाला जातो. त्यानंतर त्या डोळ्याचे काय होते याची नोंद कोणी ठेवत नाही. ती नोंद डॉ. गुर्जरांना करायची होती. मुंबईला डॉक्टरांची परिषद भरणार होती, तिथे त्यांना या विषयावर निबंध वाचायचा होता. बायका परक्या पुरुषाला डोळ्याला हात लावू देत नाहीत, म्हणून मला बरोबर घेतले. नोंदवहीही माझ्याकडेच होती.

डॉक्टर वाईट माणूस नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवते. पुढचे वाचताना कोणाला तसे वाटेल. विलायतेत शिकून आलेले, पण रोग्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसणारे. शेवटचा रोगी तपासून होईपर्यंत ते जेवत नसत, आणि आवाज चढलेला मी त्यांचा कधी ऐकला नाही.

बारामती

दौंडला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी सावकाश जाते की एक म्हातारा मधेच उतरला, रुळाकाठच्या बाभळीच्या शेंगा वेचल्या आणि पुन्हा चढून बसला. सामानात आमच्या चार पेट्या होत्या. त्यांतल्या एकीत काचेच्या बरण्या आणि मांस टिकवण्याचे औषध. औषधाची एक बाटली धक्क्याने फुटली. त्या औषधाच्या वासाने डब्यातल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. डॉक्टरांनी सर्वांची क्षमा मागितली. पदराने डोळे पुसत एक बाई म्हणाली की डोळ्याचे डाक्टर म्हणायचे आणि आल्या आल्या रडवायचे. सगळे हसले, आम्हीही हसलो.

बारामतीला कालव्याचे पाणी आहे. कालव्याच्या एका अंगाला ऊस, केळी, कांदा, वांगी. दुसऱ्या अंगाला नुसते कुसळ. मी महाडकडची, आमच्याकडे हिरवे सुरू कुठे होते आणि संपते कुठे ते कळत नाही. इथे ते सुरीने कापल्यासारखे दिसते. गुऱ्हाळे चालू होती. एका माळ्याच्या मळ्यात आम्हाला ताजा गूळ, भुईमुगाच्या शेंगा आणि गरम भाकरी मिळाली. भात मात्र नऊ दिवसांत एकदाच मिळाला, तोही आजारी माणसासाठी शिजवलेला.

धर्मशाळेत दोन दिवस तपासणी चालली. सुई घेतलेले पुष्कळ आले. काहींना खरोखर दिसत होते, आणि डॉक्टरांनी तेही प्रामाणिकपणे नोंदवायला सांगितले. बाकीच्यांचे डोळे पाहवत नव्हते. सुकून सुपारीएवढे झालेले, पांढरे पडलेले, कोणाचे आतून पू होऊन गेलेले. दर माणसामागे मी सुईवाल्याला मनात शिव्या घालत होते.

डॉक्टरांची अडचण वेगळीच होती. हे सगळे डोळे जुने होते. सुई लागल्यावर आत काय काय घडत जाते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला त्यांना ताजा डोळा हवा होता, सुई घेऊन चार-सहा महिने झालेला. जेवताना ते हे बोलून दाखवत. असा एक डोळा मिळाला तर निबंधाला अर्थ येईल, म्हणत.

कळस

तिसऱ्या दिवशी बैलगाडीने कळसला गेलो. कालवा मागे राहिला आणि हिरवाही. माळरान, दगड, मधूनच बाजरीची कापलेली शेते. इथे धनगरांची वस्ती मोठी. पुष्कळांनी आता शेती धरली आहे, पण काहींचे कळप अजून दिवाळीनंतर कोकणात उतरतात.

चावडीत आम्ही पेट्या उघडल्या. कायदेभंगाच्या चळवळीतली धरपकड लोक विसरले नव्हते, त्यामुळे आमची वही पाहून पहिल्यांदा कोणी जवळ येईना. अंगठा उठवून घेऊन काय करणार, असे विचारत. शेवटी म्हाळबा नावाचा एक वयस्क धनगर पुढे आला. त्याला सगळे आबा म्हणत. तो म्हणाला, त्याची भावजय डोळ्याच्या ठणक्याने महिनाभर झोपली नाही, तिला पाहा.

ठकूबाईला तिच्या घरी जाऊनच पाहिले. पन्नाशी उलटलेली, उंच, हाडापेराने मजबूत. ती भिंतीला टेकून चातीवर लोकर कातत होती. नवरा वारलेला, मुलगा कळप घेऊन कोकणात गेलेला. डावा डोळा तीन वर्षांपूर्वी सुईने गेला होता. तरी उजव्यात मोती आल्यावर श्रावणात तिने पुन्हा त्याच सुईवाल्याला बोलावले, कारण दुसरे कोणी येतच नाही. दोन महिने तिला दिसले. मग ठणका सुरू झाला.

मी महाडची म्हटल्यावर तिने चाती खाली ठेवली. वरंधा घाट उतरून ती पंचवीस वर्षे माझ्या मुलखात येत होती. आमच्या भातशेतांत रात्री मेंढरे बसवायची आणि शेतकऱ्याकडून खताच्या बदल्यात भात घ्यायचा. तिला आमच्या गावाशेजारच्या ओढ्यांची नावे ठाऊक होती. माझ्या लहानपणी मेंढरे आली की आम्ही कोकरांना हात लावायला धावत असू. त्या कळपांत कदाचित तिचाही असेल.

"म्हंजे तू आमच्या वाटंवरची हायस," ती म्हणाली आणि माझा हात हातात धरून बसली. पोरीचा धरावा तसा.

डॉक्टरांनी बोटांनी डोळा दाबून पाहिला. दगडासारखा कठीण होता. आत पाण्याचा दाब वाढला होता, म्हणून ठणका. त्यांनी दार लावून मेणबत्ती लावली आणि ती डोळ्यासमोर वेगवेगळ्या बाजूंना धरून उजेड कुठून येतो ते विचारले. पाच वेळा विचारले. तीन वेळा तिने बरोबर सांगितले. डॉक्टर म्हणाले की हा अंदाज आहे, मेणबत्तीची धग गालाला लागते.

पण आम्ही आलो तेव्हा मी दारात उभी राहिले होते, काही न बोलता, अनवाणी. आणि ठकूबाईने मान माझ्याकडे वळवली होती. मी डॉक्टरांना हळूच म्हटले, "साहेब, त्यांना दारातला उजेड कळतो असं मला वाटतं."

"वाटण्याची नोंद होत नाही, सिस्टर," ते म्हणाले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले की जे काही उरले असेल तेही या दाबाने सहा महिन्यांत जाणारच. डोळा काढला की ठणका आजच थांबेल.

ते खोटे बोलत नव्हते. पण पुण्याला नेऊन दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया करून पाहता आली असती. दर वेळी जमते असे नाही, पण करतात. मी स्वतः तिथे उभी राहून पाहिलेली आहे. ते डॉक्टर बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. श्रावणातली सुई, पौष महिना. त्यांना हवा होता तसाच हा डोळा होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी वहीत लिहिले, 'उजवा डोळा, दृष्टी नाही.'

मग तिला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी म्हटले, हा डोळा काढावा लागेल, म्हणजे दुखणे थांबेल.

"काढून काय करनार?" तिने विचारले.

"पुण्याला नेऊन तपासणार."

"आन मग?"

यावर मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवते. मी म्हटले, "मग डॉक्टर बघतील."

ती आबाकडे तोंड करून म्हणाली, "पुन्याला न्हेऊन साफ करनार हायत. बरं हाय. हितं धूळ लई." आबाने मान हलवली. ते मी ऐकले. ती काय समजली हेही मला लख्ख कळले. त्याच वेळी डॉक्टर चिमटे उकळायला ठेवा म्हणाले, आणि मी चिमटे उकळायला ठेवले. तिच्या अंगठ्याला शाई मीच लावली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ती हूं की चूं न करता पडून राहिली, माझा हात मात्र सोडला नाही. डॉक्टरांनी डोळा बरणीत ठेवला, औषधात बुडाला आहे ना ते पाहिले आणि बरणीवर क्रमांक चिकटवला. त्या दिवशी ते फार आनंदात होते. संध्याकाळी आबाने आमच्यासाठी हुलग्याचे माडगे आणि बाजरीची भाकरी पाठवली. डॉक्टरांना माडगे इतके आवडले की ते कसे करतात ते त्यांनी लिहून घेतले. ताट परत पाठवणे बरे दिसले नसते म्हणून मीही संपवले.

इंदापूर

पुढचे चार दिवस इंदापुरात. गाव मोठे, पेठ नांदती. उन्हात वाळत घातलेल्या मिरच्यांमुळे सगळ्या पेठेला ठसका लागलेला. तिथल्या मुक्कामात तपासणी थोडी झाली आणि मान पुष्कळ मिळाला. मामलेदारांनी चहाला बोलावले. तिथे एका वकिलांनी खेड्यातल्या अडाणीपणावर भाषण केले आणि आमच्या त्यागाची स्तुती केली. मी बशीतल्या चिवड्याकडे पाहत राहिले.

बाजाराच्या दिवशी सुईवाला सापडला. सात दिवस मी ज्याला शिव्या घालत होते तो माणूस लिंबाखाली फडके पसरून बसला होता. साठीचा, किरकोळ, पांढऱ्या मिशांचा, स्वच्छ धुतलेल्या मुंडाशाचा. डॉक्टरांना पाहून तो उठून उभा राहिला. विचारल्यावर त्याने सुई दाखवली, ती फार खोल जाऊ नये म्हणून तिला कापूस कुठवर गुंडाळायचा तेही दाखवले. ही विद्या बापाकडून आली, म्हणाला. डॉक्टरांनी त्याला विचारले की पुढे किती डोळे जातात ते तुला माहीत आहे का. त्याने सरळ सांगितले, बरेच जातात. पण आधीच आंधळा असलेला माणूस दोन वर्षे जरी पाहील, तरी नातवाचे तोंड पाहतो. न येणाऱ्या डॉक्टरपेक्षा ते बरे, असे तो म्हणाला नाही. पण मला तसेच ऐकू आले.

डॉक्टर शेजारी औषधे विकणाऱ्याच्या फडक्याकडे वळले, तेव्हा सुईवाल्याने मला विचारले की कळसला गेला होता का, तिथे ठकूबाई म्हणून एक धनगरीण आहे, तिचे कसे आहे.

मी म्हटले, "डोळा काढला."

"समदा?"

मी मान हलवली. तो खाली बसला. सुई फडक्यात गुंडाळायला लागला.

"दिवाळीला गेलो हुतो मी तिच्याकडं," तो म्हणाला. "ठनका हुता, खरं हाय. पर दार कळत हुतं तिला. मानूस आला-गेला कळत हुता. मी तिला म्हनलं, पुन्याला जा, माज्या हातातलं न्हाय आता हे. पर न्हेनार कोन?"

गेले सात दिवस आम्ही धरून चाललो होतो की हा माणूस मागे वळून पाहत नाही. मी डॉक्टरांना गाठून सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "या माणसाच्या शब्दावर?" एवढेच ते म्हणाले, आणि रुमालाने चष्मा पुसू लागले. तो बराच वेळ पुसत होते.

पुन्हा कळस

आठव्या दिवशी परतीच्या वाटेवर पट्टी काढायला कळसला थांबलो. डॉक्टर चावडीत इतरांना तपासत बसले आणि मला एकटीला ठकूबाईकडे पाठवले.

जखम स्वच्छ होती. चेहऱ्यावर तरतरी आली होती, महिनाभरात प्रथमच ती पोटभर जेवली होती. ठणका पार गेला म्हणून तिने मला आशीर्वाद दिला. काळ्या लोकरीचा एक मोठा गुंडा तिने माझ्यासाठी कातून ठेवला होता. म्हणाली, इथली थंडी कोकणातल्या माणसाला बाधते, काहीतरी विणून घे.

मग विचारले, आता ऊन कुठवर आले आहे. मी सांगितले की दुपार झाली.

"कळंना झालंय," ती म्हणाली. "पयलं दार तरी दिसायचं. पांढरं असायचं दार. आता त्ये बी न्हाय. पर डोळा आला म्हंजे हुईल. कदी आनतायसा?"

सून चुलीपाशी बसली होती. तीही माझ्याकडे पाहू लागली. अजूनही सोपे होते. पुढच्या वर्षी म्हटले असते तरी चालले असते. आम्ही काही पुन्हा येणार नव्हतो. पण माझ्या मांडीवर तो लोकरीचा गुंडा होता, आणि मला ते जमले नाही.

मी सांगितले. डोळा परत बसवता येत नाही. ते कोणालाच जमत नाही. डॉक्टर तो चिरून काचेवर ठेवून पाहतील, म्हणजे पुढे इतरांना उपयोग होईल. मला हे त्या दिवशीच ठाऊक होते, हेही सांगितले.

तिने चाती उचलली आणि कातू लागली. धागा तुटला नाही. कातता कातता म्हणाली,

"मग तवाच सांगायचं हुतंस, बाय. दुखनं मला सोसत हुतं."

मी तिच्या पायांना हात लावला. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. पुण्याला चला, काही तरी करू, असे मी बोलू लागले, पण करण्यासारखे आता काय होते? डावा सुकलेला आणि उजवा बरणीत. सून उठून बाहेर गेली.

"ऊठ," ठकूबाई म्हणाली, "गाडी खोळंबली आसंल तुजी."

लोकरीचा गुंडा मी तिथेच ठेवला. तिने तो चाचपून शोधला आणि माझ्या पिशवीत घातला. दिलेले परत घ्यायची त्यांच्यात रीत नाही.

छोट्या गाडीत त्यांनी बरण्यांची पेटी मांडीवर घेतली होती, पुन्हा धक्का लागू नये म्हणून.

पुणे

डोळा घट्ट करून, त्याचे पापुद्र्याएवढे काप काढून, ते रंगवायला दोन महिने लागले. फाल्गुनात एका दुपारी डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. नोंदवही घेऊन मी समोर बसले. ते आत काय दिसते ते सांगत होते आणि मी लिहीत होते. मोती कुठे जाऊन पडला आहे, कुठे सूज आहे, पाण्याची वाट कुठे बुजली आहे. मग ते थांबले. काच सरकवली, पुन्हा पाहिले, दुसरी काच लावली. शेवटी उठून मला पाहायला बोलावले.

गुलाबी आणि जांभळ्या रंगाचे सुंदर चित्र होते. आतल्या पडद्याचा बराचसा भाग मेलेला होता, पण एका बाजूला उजेड धरणाऱ्या पेशी ओळीने उभ्या होत्या, शाबूत. इतकी वर्षे या विभागात काम केल्यावर ते मला कोणी सांगावे लागत नाही.

"नोंदीत दृष्टीपुढे काय लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारले.

"दृष्टी नाही, असं."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मग म्हणाले, "तसंच राहू द्या."

मी तसे राहू दिले नाही. त्याच दिवशी, ते गेल्यावर, मी ती ओळ खोडली आणि वर लिहिले, 'उजेड कळत होता. दार ओळखत होती.' खाली माझी सही केली. हे धैर्य कळसला झाले असते तर त्याला काही किंमत होती. आता ती नुसती शाई होती.

डॉक्टरांनी ते वाचले असणार, कारण दुसऱ्या दिवशी वही त्यांच्या टेबलावर उघडी होती. वैशाखात ते सोलापूरकडे पुन्हा तपासणीला गेले, तेव्हा दुसरी नर्स बरोबर होती.

निबंध मुंबईला वाचला गेला आणि वाखाणला गेला. नंतर त्याची छापील प्रत विभागात आली. मी ती रात्रपाळीच्या टेबलावर नाही, भर दुपारी, सगळ्यांसमोर वाचली. काम चोख होते. सुईने होणाऱ्या हानीचे असे वर्णन आपल्याकडे पूर्वी कोणी केले नसेल. कोष्टकात प्रत्येक डोळ्याचा क्रमांक, गाव, वय, सुईनंतरचे महिने. मी बोट ठेवत ठेवत खाली आले. कळसच्या ठकूबाईचा क्रमांक त्यात नव्हता. मागचा होता, पुढचा होता, तेवढा एक गाळला होता.